रिकार्डोचा खंड आणि डहाणू-तलासरीची वेठ

डेव्हिड रिकार्डो (१७७२–१८२३) लंडनच्या शेअर बाजारात श्रीमंत झाला आणि मग अर्थशास्त्राकडे वळला. १८१० च्या पहिल्या महत्त्वाच्या पुस्तिकेत त्याने सोन्याच्या चढत्या भावाचा दोष बेसुमार छापलेल्या नोटांना दिला. १८१५ ची पुस्तिका स्वस्त धान्य आणि नफा यांच्या नात्यावर होती. १८१७ मध्ये अर्थशास्त्राची आणि करांची तत्त्वे मांडणारा त्याचा मुख्य ग्रंथ आला. राष्ट्रीय बँकेची योजना १८२४ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली.

त्याच्या विचाराचा गाभा खंडाच्या सिद्धांतात आहे. सारख्याच भांडवलात आणि श्रमात तीन जमिनी अनुक्रमे १००, ९० आणि ८० माप धान्य देतात, असे तो धरतो. लोकसंख्या वाढून तिसरी जमीन कसावी लागली, की पहिलीचा खंड २० आणि दुसरीचा १० माप होतो. तिसरीला खंडच नाही. म्हणजे धान्य महाग होते म्हणून खंड वाढतो; खंडामुळे धान्य महाग होत नाही.

हा सिद्धांत महाराष्ट्रात सरकारी दफ्तरातून आला. ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलिबरी कॉलेजात अर्थशास्त्रज्ञ माल्थसच्या हाताखाली शिकलेल्या आर. के. प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात मोजणी करून निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरवला. तो रयतेला पेलला नाही. पुढे गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापुरापासून ३० वर्षांच्या मुदतीची सोपी पद्धत घातली.

डहाणू-तलासरीत सिद्धांताची गाठ वेगळ्याच वास्तवाशी पडते. भातखाचर सुपीक, डोंगरउतारावरचे वरकस हलके, हा भेद इथेही आहे. पण वारली आदिवासी कुळाकडून घेतले जाई ते केवळ जमिनीच्या फरकाचे मोल नव्हते. खंड भरूनही त्याला जमीनमालकाच्या शेतावर वेठ करावी लागे. लग्नासाठी कर्ज काढणारा लग्नगडी होऊन बायकोसह सावकाराच्या घरी राबे. मुंबईच्या तबेल्यांना जाणारे गवतही कवडीमोल मजुरीवर कापले जाई. रिकार्डोच्या तिसऱ्या जमिनीला खंड नाही. इथल्या हलक्या वरकसावरच्या कुळाची मात्र वेठीतून सुटका नव्हती.

रिकार्डोचा टीकाकार रिचर्ड जोन्स याने १८३१ मध्ये सिद्धांतातला हा दोष दाखवला होता. भांडवलदार शेतकऱ्याने करारावर दिलेला खंड आणि श्रमाच्या रूपात घेतलेला खंड या वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्याचे म्हणणे. डहाणूची वेठ दुसऱ्या प्रकारात मोडते.

ती मोडली लढ्याने. २३ मे १९४५ रोजी आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे हजारो वारली जमले आणि त्यांनी वेठ न करण्याचे ठरवले. किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी संघटना बांधली. १० ऑक्टोबरला तलवाड्यात पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगडसह पाच आदिवासी मारले गेले, तरी संप टिकला. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ही हकीकत आहे. त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरवून कसणाऱ्या कुळाला मालकीचा हक्क दिला.

जमिनीतून वरकड उत्पन्न कसे निर्माण होते हे रिकार्डोने अचूक सांगितले. ते कोणाच्या पदरात पडते हे डहाणूत मातीच्या कसाने नव्हे, माणसाच्या बंधनाने ठरत होते.