फुप्फुस व छातीचे विरळ रोग

क्षयरोग, न्यूमोनिया, दमा, दीर्घकालिक श्वसनीशोथ (श्वसनीची दाहयुक्त सूज) आणि कर्करोग हे श्वसन तंत्राचे नेहमी आढळणारे रोग होत. यांखेरीज फुप्फुसे, परिफुप्फुस (फुप्फुसांवरील दुपदरी आवरण) आणि मध्यपटल यांत असेही विकार उद्‌भवतात की, ज्यांचा एखादा रुग्ण सर्वसाधारण वैद्याच्या पाहण्यात वर्षानुवर्षे येत नाही. त्यांना विरळ रोग म्हणतात. ही संज्ञा सापेक्ष आहे. एका प्रदेशात दुर्मिळ असलेला रोग दुसऱ्या प्रदेशात परिचित असू शकतो. काही रोग तर केवळ ओळखले जात नाहीत म्हणून विरळ समजले जातात.

भारतात या रोगांच्या निदानावर क्षयरोगाची छाया पडलेली असते. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण या देशात आहेत. त्यामुळे खोकला, बारीक ताप, वजनातील घट आणि क्ष-किरण चित्रातील छाया एवढ्या आधारावर क्षयरोगाचे अनुमान करणे स्वाभाविक ठरते व बहुधा ते बरोबरही असते. जेथे ते चुकते तेथे मात्र रुग्णाला महिनोन् महिने अनावश्यक औषधे घ्यावी लागतात आणि मूळ रोग दरम्यान वाढत राहतो. थुंकीत क्षयजंतू सापडलेले नाहीत व औषधांनी गुणही नाही, अशा रुग्णाच्या बाबतीत पुढील रोगांचा विचार करावा लागतो.

उष्ण कटिबंधी फुप्फुसीय इओसिनोफिलाधिक्य : या रोगाचा इतिहास भारताशी निगडित आहे. मदनपल्ली (आंध्र प्रदेश) जवळील आरोग्यवरम येथील क्षयरोग आरोग्यधामात काम करणारे फ्रिमॉट-मोलर आणि बार्टन यांनी १९४० मध्ये काही रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. हे रुग्ण क्षयरोगी म्हणून आले होते. परंतु त्यांच्या थुंकीत जंतू नव्हते आणि रक्तातील इओसिनोफिल या प्रकारच्या श्वेत कोशिकांची संख्या मात्र अतिशय वाढलेली होती. या विकाराला त्यांनी क्षयसदृश अवस्था असे म्हटले. १९४३ मध्ये वाइनगार्टेन यांनी भारतातच पाहिलेल्या ८१ रुग्णांच्या आधारे हा स्वतंत्र रोग असल्याचे प्रतिपादन केले. त्यांच्या एका रुग्णाला उपदंशही होता. त्यासाठी दिलेल्या आर्सेनिकयुक्त औषधाने त्याचा खोकला व दम अनपेक्षितपणे नाहीसा झाला आणि अशा रीतीने कारण कळण्यापूर्वीच उपचार सापडला.

कारण उलगडण्यास आणखी काही वर्षे लागली. हत्तीरोगाच्या कृमींवरील डायएथिल कार्बामाझीन हे औषध या रुग्णांना लागू पडते असे दिसून आल्यावर संशय त्या कृमींकडे वळला. १९६० मध्ये वेल्लोर येथील वेब, जॉब व गॉल्ट यांनी अशा रुग्णांच्या फुप्फुस, यकृत व लसीका ग्रंथी यांच्या ऊतकांत हत्तीरोगाच्या कृमींचे सूक्ष्म डिंभ दाखविले. डासांमार्फत शरीरात शिरलेल्या कृमींची मादी हे डिंभ रक्तात सोडते. सामान्य हत्तीरोग्याच्या रक्तात ते रात्री फिरताना सापडतात. या रोगात मात्र शरीराची प्रतिक्रिया इतकी तीव्र असते की, फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत अडकून ते तेथेच नष्ट केले जातात. म्हणून रक्ततपासणीत डिंभ मिळत नाहीत आणि फुप्फुसाला मात्र इजा होते.

रोगी बहुधा तरुण पुरुष असतो. मध्यरात्रीनंतर खोकल्याची उबळ येऊन तो उठून बसतो, छातीत सूं सूं असा आवाज येतो आणि दिवसा त्याला पुष्कळदा बरे वाटते. त्यामुळे दम्याचीही शंका येते. दम्यासाठी दिलेल्या कॉर्टिकोस्टेरॉइड औषधांनी तात्पुरता आराम पडल्याने ती शंका दृढ होते. क्ष-किरण चित्रात दोन्ही फुप्फुसांत बारीक ठिपके दिसतात. ते पसरत्या क्षयाच्या ठिपक्यांसारखेच असतात. रक्तातील इओसिनोफिल कोशिका दर घ. मिमी. मध्ये ३,००० पेक्षा अधिक असतात. निरोगी माणसात त्या साधारणपणे ५०० पेक्षा कमी असतात. ही मोजणी कोणत्याही लहान प्रयोगशाळेत होऊ शकते. एवढ्या स्वस्त तपासणीने उलगडणारा रोग चुकावा, हे खेदजनकच म्हटले पाहिजे. डायएथिल कार्बामाझीन शरीराच्या दर किग्रॅ. वजनामागे ६ मिग्रॅ. या दैनिक मात्रेत सुमारे तीन आठवडे देतात. बहुतेकांना काही दिवसांतच आराम वाटतो. उपचार न झाल्यास फुप्फुसांत तंतुमय ऊतक तयार होते व येणारी धाप कायमची ठरते. पूर्व विदर्भातील चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा या हत्तीरोगग्रस्त भागांत राहून आलेल्या माणसाच्या जुनाट कोरड्या खोकल्यात या रोगाची आठवण ठेवणे इष्ट ठरते. [⟶ हत्तीरोग].

अधिहर्षताजन्य फुप्फुसशोथ : सेंद्रिय धूळ वारंवार श्वासावाटे आत गेल्याने वायुकोशांच्या (फुप्फुसातील सूक्ष्म हवेच्या पिशव्यांच्या) भित्तीला सूज येणे हे या रोगाचे स्वरूप होय. ओलसर गवतातील बुरशीमुळे होणाऱ्या ‘शेतकऱ्यांच्या फुप्फुसा’चे वर्णन इंग्लंडमध्ये १९३२ साली झाले. उसाचा रस काढल्यावर उरणारी चिपाडे दमट जागी रचून ठेवली असता त्यांत वाढणाऱ्या सूक्ष्मजंतूंमुळे होणाऱ्या याच प्रकारच्या रोगाला बगॅसोसिस म्हणतात. साखर कारखान्यांच्या प्रदेशात त्याची माहिती असणे आवश्यक आहे. कबुतरे व पोपट यांच्या विष्ठेतील आणि पिसांवरील भुकटीतील प्रथिनांमुळेही हा रोग होतो. घराच्या खिडकीत कबुतरांचा वावर असणे, ही बाब रुग्ण आपण होऊन क्वचितच सांगतो. ती विचारावी लागते.

तीव्र प्रकारात धूळ नाकावाटे गेल्यानंतर चार ते आठ तासांनी थंडी, ताप, कोरडा खोकला व धाप लागते आणि एकदोन दिवसांत सर्व ओसरते. कारण व परिणाम यांत काही तासांचे अंतर असल्यामुळे दोहोंचा संबंध रुग्णाच्या ध्यानात येत नाही. थोडी थोडी धूळ अनेक वर्षे जात राहिल्यास ताप न येता केवळ धाप वाढत जाते व फुप्फुसे आकसतात. हा रोग भारतात फार विरळ आहे, अशी पूर्वी समजूत होती. भारतातील १९ शहरांतील २७ केंद्रांनी मिळून १,०८४ रुग्णांची जी नोंदवही तयार केली, तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ही समजूत टिकली नाही. वायुकोशांच्या भित्तींच्या विकारांपैकी जवळजवळ निम्मे (४७ टक्के) या एका रोगाचे होते आणि त्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांच्या घरी पाण्यावर चालणारे हवा थंड करणारे यंत्र (कूलर) वापरात होते. सुरुवातीच्या अवस्थेत कारण दूर करणे हाच मुख्य उपचार होय. पक्षी पाळणे किंवा हातचे काम सोडणे रुग्णाला अवघड जाते. गोळी घेऊन तेच जीवन चालू ठेवण्याकडे त्याचा कल असतो. मात्र संपर्क चालू राहिल्यास गोळीचा उपयोग मर्यादितच राहतो.

वायुकोशांत पदार्थ साचण्याचे रोग : वायुकोशीय सूक्ष्माश्मता या आनुवंशिक रोगात वायुकोशांत कॅल्शियम फॉस्फेटाचे वाळूसारखे खडे तयार होतात. फॉस्फेट वाहून नेणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकातील दोष हे त्याचे कारण असल्याचे २००६ मध्ये कळले. जगभर मिळून थोडेच रुग्ण नोंदले गेले असून त्यांत तुर्कस्तान, इटली, जपान व भारत येथील रुग्ण ठळक आहेत. क्ष-किरण चित्रात संपूर्ण छाती वाळूच्या वादळाने भरल्यासारखी दिसते. रुग्ण मात्र स्वतःच्या पायांनी चालत आलेला असतो व पुष्कळदा त्याची फारशी तक्रारही नसते. चित्र व रुग्ण यांतील ही विसंगती हीच निदानाची पहिली खूण होय. खडे विरघळविणारे औषध उपलब्ध नाही. अखेरच्या अवस्थेत फुप्फुसाचे प्रतिरोपण करतात.

वायुकोशीय प्रथिनमयता या रोगाचे वर्णन रोझेन, कॅसलमन व लीबो यांनी १९५८ मध्ये केले. वायुकोश मिटू नयेत म्हणून त्यांच्या आतील बाजूस एक स्निग्ध लेप असतो. जुना लेप भक्षिकोशिका उचलून नेतात. त्या कोशिकांना लागणाऱ्या एका उत्तेजक प्रथिनाविरुद्ध शरीरानेच प्रतिपिंडे निर्माण केल्यास ही साफसफाई थांबते व वायुकोश लेपद्रव्याने भरून जातात. भूल देऊन एका फुप्फुसाने श्वसन चालू ठेवतात व दुसरे फुप्फुस कोमट लवणविद्रावाने पुनःपुन्हा धुतात. प्रथम दुधासारखे निघणारे पाणी अनेक लिटर धावनानंतर स्वच्छ होते. फुप्फुस अक्षरशः धुऊन बरा करता येणारा असा रोग दुसरा क्वचितच असेल.

सारकॉइडोसिस : क्षयरोगाशी सर्वांत अधिक साम्य असलेला हा रोग भारतात जवळजवळ नाहीच, असे एके काळी मानीत. दोहोंत ऊतकांमध्ये कणार्बुदे (कोशिकांच्या बारीक गाठी) होतात. परंतु क्षयातील गाठींचा मध्य पनीरासारखा मृत होतो, तर यात सहसा होत नाही. छातीच्या मध्यभागी दोन्ही बाजूंच्या लसीका ग्रंथी सारख्याच वाढणे आणि ट्युबरक्युलिन परीक्षा नकारात्मक येणे ही लक्षणे निदानास साहाय्यक ठरतात. कित्येकांत रोग आपोआप शमतो.

कृमी व अमीबाजन्य विकार : कुत्रा व मेंढी यांच्यामार्फत पसरणाऱ्या एका पट्टकृमीमुळे फुप्फुसात द्रवाने भरलेले जलस्फोट होतात. स्फोट फुटल्यास खाऱ्या चवीचे पाणी व द्राक्षाच्या सालीसारखे पापुद्रे खोकल्यावाटे पडतात. संशय असताना त्यात सुई घालू नये. द्रव बाहेर सांडल्यास जीवघेणी प्रतिक्रिया होऊ शकते. यकृतातील अमीबाजन्य गळू मध्यपटल भेदून श्वसनीत फुटल्यास चॉकलेटी रंगाचा बेडका पडू लागतो. त्याचा रंगच निदान सुचवितो.

इतर : ऋतुस्रावाच्या सुमारास तरुण स्त्रीच्या परिफुप्फुसात पुनःपुन्हा, बहुधा उजव्या बाजूस, हवा शिरून फुप्फुस मिटत असेल, तर गर्भाशयाच्या अस्तराचे ऊतक मध्यपटलावर वा परिफुप्फुसावर असण्याचा संभव असतो. या प्रकाराचे पहिले वर्णन १९५८ मधील आहे. तारखांची विचारणा केल्याशिवाय तो उमगत नाही. कार्टागेनर यांनी १९३३ मध्ये वर्णिलेल्या लक्षणसमूहात हृदय उजव्या बाजूस असते आणि त्याबरोबर नाकाच्या अस्थिकोटरांचा शोथ व श्वसनींचा विस्फार आढळतो. श्वासमार्गातील सूक्ष्म केसलांची हालचाल जन्मतः सदोष असणे हे त्याचे मूळ होय. अशा रुग्णाचे क्ष-किरण चित्र उलटे ठेवले गेले असे समजून ते सरळ करण्यात येते आणि निदान तेथेच निसटते.

निदान : व्यवसाय, घर, पाळीव प्राणी व पूर्वीचे वास्तव्य यांची बारकाईने चौकशी, श्वेत कोशिकांची मोजणी आणि क्ष-किरणांच्या जुन्या चित्रांशी तुलना एवढ्यावर बरेचसे रोग ओळखू येतात. त्यापुढे संगणकीय छेदचित्रण, श्वसनीदर्शकातून केलेले धावन व जीवोतक परीक्षा (ऊतकाचा तुकडा काढून केलेली तपासणी) यांचा आधार घेतात. उलट चूकही तितकीच घातक असते. सारकॉइडोसिस समजून क्षयरुग्णाला कॉर्टिकोस्टेरॉइडे एकटीच दिल्यास क्षय झपाट्याने पसरतो. म्हणून विरळ रोगाचे निदान करण्यापूर्वी क्षयजंतूंचा शोध पूर्ण झाला पाहिजे. त्यासाठी ऊतकाचे तुकडे दोन बाटल्यांत ठेवतात : एक सूक्ष्मदर्शकीय तपासणीसाठी फॉर्मॅलिनात व दुसरा जंतुसंवर्धनासाठी निर्जंतुक लवणविद्रावात. फॉर्मॅलिनात जंतू मरतात. सर्व तुकडे त्यातच टाकले गेल्यास संवर्धन अशक्य होते आणि रुग्णावर तीच शस्त्रक्रिया पुन्हा करण्याची वेळ येते.