पेन्शनमध्ये टक्का कुणाचाच नाही

रेकॉर्डला पत्नीचं नाव ‘लक्ष्मीबाई’, आधार कार्डावर नुसतं ‘लक्ष्मी’. एवढ्याशा फरकावर माजी सैनिकाच्या पत्नीची फॅमिली पेन्शन अडू शकते. बुलढाणा जिल्ह्यात संग्रामपूर किंवा लोणारकडच्या खेड्यातल्या म्हाताऱ्या बाईला पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), सैन्याचं रेकॉर्ड ऑफिस, पेन्शनचं ‘स्पर्श’ पोर्टल यातलं काय उमगणार? अशा वेळी एखादा ‘माहितगार’ गाठतो. काम करून देतो म्हणतो, पण एरियर्समधले तीस टक्के माझे. स्टॅम्पपेपरवर अंगठा घेतो, कोरा चेकही.

त्या स्टॅम्पपेपरला कायद्यात किंमत नाही. १८७१ चा पेन्शन कायदा आजही लागू आहे. सरकारी पेन्शनवर धनकोला जप्ती आणता येत नाही, असं त्याचं कलम ११ सांगतं. कलम १२ तर नेमकं इथलंच आहे: पेन्शनची रक्कम देय होण्याआधीच तिच्याबाबत केलेला करार, विक्री, तारण, सगळं रद्दबातल.

वकिलांनाही निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. अपघातात नवरा गेलेल्या तेलंगणातल्या एका बाईकडून वकिलाने भरपाईच्या टक्क्यापोटी चेक घेतला. तो वटला नाही, तेव्हा तिच्यावरच खटला भरला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये तो खटला रद्द केला आणि टक्केवारीची फी बेकायदा ठरवली. कोऱ्या चेकला घाबरणाऱ्या प्रत्येक वीरपत्नीला हा निकाल माहीत हवा.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या पहिल्या दाव्यासाठी फी घेताच येत नाही. पुढच्या टप्प्यात, तेही मान्यताप्राप्त प्रतिनिधीनेच घेतलेली, २० टक्क्यांपर्यंतची फी वाजवी धरतात. आपल्याकडे फॉर्म भरून देणाऱ्या एजंटासाठी असा स्वतंत्र कायदा नाही. तो व्हायला हवा.

तोवर आधी बुलढाण्याचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा. रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार, नावदुरुस्तीची कागदपत्रं यांत मदत करणं हे त्यांचं कामच आहे. प्रकरण सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापर्यंत गेलंच, तर वकिलाची फी ठोक ठरवा आणि पावती घ्या. महिलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. आणि ‘स्पर्श’चा पासवर्ड, ओटीपी, कोरा चेक कुणाच्याही हाती देऊ नका.