समेटाआधी जागा हवी
(लेखांक ५)

गोपाळ कृष्ण गोखले फेब्रुवारी १९१५ मध्ये गेले, तेव्हा टिळक सिंहगडावरून उतरून स्मशानात आले आणि त्यांच्याविषयी गौरवाने बोलले. विरोधकाशी कसं वागावं, याचा दाखला म्हणून पुण्यात हा प्रसंग आजही अभिमानाने सांगतात. त्याच्या आधीचे तीन महिने मात्र फारसे कोणी सांगत नाही. डिसेंबर १९१४ मध्ये काँग्रेसमधल्या जहाल-मवाळांचा समेट घडवायला ॲनी बेझंट आणि सुब्बाराव पंतुलू पुण्यात आले होते. टिळक-गोखले एकाच शहरातले, एके काळी डेक्कन एज्युकेशन सोसायटीतले सहकारी. तरी त्यांच्यातली बोलणी पुढे सरकायला मद्रासकडचे मध्यस्थ लागले. ती बोलणीही फिसकटली.

याचं खापर बहुतेक जण दोघांच्या स्वभावांवर फोडतात. मला कारण दुसरीकडे दिसतं. विरोधी पक्षाच्या माणसाशी बोलणं टिकतं ते सौजन्यापेक्षा सामायिक कामामुळे, आणि ते काम जिथे चालतं त्या, एकट्या कोणाच्याच मालकीच्या नसलेल्या, जागेमुळे. पुण्याकडे अशी जागा होती. १८७० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेत सभासद व्हायचं तर किमान पन्नास लोकांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. म्हणजे माणूस तिथे स्वतःच्या मतांसोबत इतरांची गाऱ्हाणीही घेऊन बसायचा. संमतिवयावर ज्यांचं मुळीच पटत नव्हतं, त्यांनाही सारा आणि दुष्काळ यांवरच्या अर्जाचा मसुदा एकत्र ठरवता येत होता. मत न बदलता समोरच्याचं पूर्ण ऐकायची सवय अशा मसुद्यांवर लागते. नुसत्या वादसभेत ती क्वचितच लागते.

१८९५ मध्ये टिळकांच्या पक्षाने निवडणुकीत सभेचं व्यवस्थापक मंडळ ताब्यात घेतलं. रानडे-गोखल्यांनी पुढच्या वर्षी वेगळी डेक्कन सभा काढली. १८९५ च्याच डिसेंबरात पुण्यात काँग्रेस भरली, तेव्हा सामाजिक परिषदेला काँग्रेसच्या मंडपात जागा द्यायला कडाडून विरोध झाला आणि रानड्यांनी परिषद दुसरीकडे नेली. वाद विकोपाला जाऊ नये म्हणून घेतलेला तो शहाणा निर्णय होता, पण एक सामायिक मंडप त्यात गेला. १९१४ च्या मध्यस्थांना जे जमलं नाही, त्याची सुरुवात मला इथे दिसते.

यावर आक्षेप येईल की बहुमताने संस्था जिंकण्यात गैर काय? नियमाने काहीच नाही. सभा मवाळ आणि मंद झाली आहे, ही टिळकपक्षाची तक्रारही पोकळ नव्हती. पण हरलेल्याला ज्या संस्थेत थांबण्याचं कारण उरत नाही, तिथे जिंकणाऱ्याला ऐकवणाराही कोणी उरत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. ही सगळी एकाच जातीच्या, एकाच शिक्षणाच्या माणसांची भांडणं. ज्यांना त्या सभेत बसताच आलं नाही त्यांचं काय? हे खरं आहे. पण १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांवर खटला झाला, तेव्हा त्यांच्या जामिनाचे दहा हजार रुपये जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे यांनी भरले. म्हणजे जात आणि मतं दोन्ही वेगळी असताना हात पुढे आला होता. त्या मदतीला पुढे नियमित भेटीची जागा का मिळाली नाही, आणि ती उभारायची जबाबदारी अधिक कोणाची होती, याकडे पुढच्या आठवड्यात वळू.