ॲपोफिलाईटच्या नावातलं पान

पुणे, नाशिक, जळगावकडे विहीर खोदताना किंवा खडीच्या खाणीत काळा पाषाण फुटताना कधी कधी आत पोकळी लागते आणि तिच्या भिंतीवर काचेसारखे लखलखीत स्फटिक दिसतात. चमकतं ते सगळं आपण गारगोटीत जमा करतो. पण त्यात पुष्कळदा ॲपोफिलाईट असतं. गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ, तिचं काठिण्य ७. ॲपोफिलाईटचं ४.५ ते ५, त्यामुळे पोलादी चाकूनेही त्यावर ओरखडा उठतो.

या खनिजाचं नाव ग्रीक आहे. त्यात ‘फिलॉन’ म्हणजे पान, एवढं कळलं की स्फटिक पानासारखा दिसत असणार असं वाटतं. प्रत्यक्षात तो चौकोनी ठोकळ्यासारखा असतो, नाहीतर निमुळत्या टोकाचा. पान दिसतं ते आगीत. रेने ज्युस्त आउई या फ्रेंच खनिजशास्त्रज्ञाने १८०६ साली हे नाव दिलं. त्या काळी खनिज ओळखायचं तर फुंकणीने ज्योत तीव्र करून त्यात तुकडा धरत. ॲपोफिलाईट तापलं की पापुद्रे सुटत जातात. ‘अपो’ म्हणजे दूर, वेगळं. म्हणजे हे पानापानाने सुटणारं खनिज. नाव रूपावरून पडलेलं नाही, वागण्यावरून पडलं आहे, आणि म्हणूनच मला ते इतकं नेमकं वाटतं.

पापुद्रे का सुटतात, तेही पाहण्यासारखं आहे. ॲपोफिलाईटमध्ये सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे पातळ थर एकावर एक रचलेले असतात. त्या थरांच्या मध्ये कॅल्शियम, पोटॅशियम आणि भरपूर पाणी असतं. वजनाच्या साधारण सोळा टक्के. उष्णतेने हे पाणी बाहेर पडू लागतं आणि थर एकमेकांपासून सुटतात.

इथेच दुसरा गैरसमज निकालात निघतो. ॲपोफिलाईट स्टिल्बाईटसारख्या झिओलाईट खनिजांच्या शेजारी, त्याच पोकळीत वाढतं, म्हणून त्यालाही झिओलाईट म्हणतात. झिओलाईट हे नावही आगीतूनच आलं: १७५६ साली स्वीडनच्या आक्सेल क्रोनस्टेट यांनी एक खनिज तापवलं, ते उकळल्यासारखं फसफसलं, म्हणून ‘उकळणारा दगड’. पाणी दोघांतही आहे. पण झिओलाईटची रचना थरांची नसते. ती सगळ्या बाजूंनी जोडलेली जाळी असते, तिच्यात आरपार वाटा असतात. त्यामुळे बऱ्याच झिओलाईटमधून पाणी गेलं तरी जाळी टिकते आणि नंतर ते पुन्हा पाणी शोषून घेतं. ॲपोफिलाईट थरांचं खनिज आहे. शेजारी असलं तरी कूळ वेगळं.

हे स्फटिक लाव्हा थिजतानाच तयार झाले, असंही सांगितलं जातं. पण तसं नाही. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या ठेवल्या. खडक घट्ट झाल्यावर त्यांतून खनिजं विरघळलेलं कोमट-गरम पाणी झिरपत राहिलं, आणि त्या पाण्यातून स्फटिक वाढले. काही ॲपोफिलाईटची सुंदर हिरवी छटा किंचितशा व्हॅनेडियममुळे येते.

व्हॅनेडियमवरून पुण्याजवळच्या वाघोलीचं निळंभोर कॅव्हनसाईट आठवतं. ते कुणा कॅव्हन नावाच्या माणसाच्या नावावरून आलेलं नाही. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांची इंग्रजी आद्याक्षरं जोडून ते नाव घडवलं आहे. पहिल्यांदा सापडलं तेही अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, १९६७ साली. मात्र जगभरचे संग्राहक ज्यासाठी धडपडतात ते उत्तम नमुने वाघोलीच्या खाणींतलेच.