संगणकाचा ताप आणि स्वस्तातला कूलर

श्रोतेहो, कूलर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो खिडकीत बसवलेला, वाळ्याच्या ताट्यांचा, पाणी घातले की गार वारा देणारा कूलर. आज ज्या कूलरविषयी बोलायचे आहे, तो याहून अगदी निराळा. हा बसतो संगणकाच्या पेटीत, प्रोसेसर नावाच्या भागावर. त्यात पाणी घालायचे नसते. आणि मुख्य फरक असा, की खिडकीतला कूलर पाण्याची वाफ करून खोलीतली हवा थंड करतो. संगणकाचा कूलर हवा थंड करीत नाही. तो प्रोसेसरची उष्णता उचलतो आणि भोवतालच्या हवेत सोडून देतो, एवढेच त्याचे काम. एवढे नीट ध्यानात ठेवले, की पुढचे सारे गणित सोपे होते.

आता प्रोसेसर तापतो तरी किती? हा भाग जेमतेम काडेपेटीएवढा. १९९३ साली पहिला पेंटियम निघाला, तेव्हा तो सुमारे १५ वॅट वीज घेई. २०२२ साली बाजारात आलेला इंटेलचा कोअर आय-फाइव्ह १२४०० हा मध्यम प्रतीचा प्रोसेसर घ्या. त्याचा मूळ आकडा आहे ६५ वॅट, आणि काम वाढले की थोडा वेळ तो ११७ वॅटपर्यंत जातो. जुन्या काळचा साठ वॅटचा बल्ब आठवून पाहा. पेटलेला असताना त्याला हात लावण्याची सोय नव्हती. तेवढी उष्णता या लहानशा चौकोनातून बाहेर पडत असते.

ती वेळेवर बाहेर गेली नाही तर काय होते? इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. एएमडीच्या रायझन फाइव्ह ५६०० या प्रोसेसरची ९० अंश आहे. मर्यादा जवळ आली की प्रोसेसर आपण होऊन काम हळू करतो. तरीही ताप उतरला नाही, तर जळून जाण्याऐवजी तो यंत्रच बंद करतो. आपल्याला मात्र दिसते ते इतकेच, की मुले धडा पाहत असताना चित्र अडखळले, किंवा ऐन परीक्षेत संगणक बंद पडला. मग कोणी म्हणतो व्हायरस शिरला, कोणी म्हणतो यंत्र म्हातारे झाले, आता नवे आणा. अहो, पुष्कळ वेळा ते म्हातारपण नसते. नुसता ताप असतो, आणि तापावर औषध स्वस्त असते.

गुरुजींनी हे फळ्यावर मांडून पाहावे. समजा, हिवाळ्यात वर्गात २५ अंश आहेत आणि काम करताना प्रोसेसर ७० अंशांवर जातो. म्हणजे हवेपेक्षा ४५ अंश जास्त. हा जो फरक, तो कूलरचा. एप्रिलमध्ये चंद्रपूर, अकोला, जळगाव या बाजूला वर्गात ४२ अंश झाले, तर तोच कूलर, तेच काम, तरी प्रोसेसर जाईल ८७ अंशांवर. त्यात पेटी कोपऱ्यात भिंतीला चिकटवून ठेवलेली असली, तर आणखी काही अंश वाढायचेच. चांगल्या कूलरने हा ४५ चा फरक ३० वर आणता येईल. पण खोलीच्या ४२ अंशांखाली तो प्रोसेसरला कधीही नेणार नाही, मग किंमत कितीही मोजा.

म्हणून खरेदीला निघण्याआधी ताप मोजावा. कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूमॉनिटर यांसारखे फुकट मिळणारे प्रोग्राम हा आकडा दाखवतात. यंत्राला अर्धा तास काम देऊन आकडा पाहावा. तो ८० च्या आत राहिला, तर कूलर बदलण्याचे कारण नाही. ९० च्या पुढे जात असला, तर आधी पेटी उघडावी. वीज बंद करून, वायर काढून, मऊ ब्रशने कूलरच्या पात्यांमधली धूळ झाडावी. झाडताना पंखा बोटाने धरून ठेवावा. फळ्याच्या खडूची आणि रस्त्याची धूळ तिथे गोधडीसारखी बसलेली असते, आणि गोधडी पांघरून कोणाला गार वाटेल?

दुसरी गोष्ट लेपाची. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये एक लेप असतो, त्याला थर्मल पेस्ट म्हणतात. दोन्ही पृष्ठे डोळ्यांना गुळगुळीत दिसली, तरी त्यांच्यामध्ये बारीक पोकळ्या राहतात. त्या हवेने भरल्या तर उष्णता अडते. लेपाने भरल्या तर वाट मिळते. काही वर्षांनी हा लेप वाळून कोरडा पडतो. जुना लेप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, वाटाण्याच्या दाण्याएवढा नवा घालावा. फार थापू नये. झाडलोट आणि लेप या दोन गोष्टींनीच पुष्कळ यंत्रे सुधारतात. शाळेत दहा संगणक असले, तर दहा कूलर घेण्याआधी हे करून पाहावे. दोन हजारांचा एक, असे दहा कूलर म्हणजे वीस हजार रुपये झाले. कदाचित नवा कूलर दोनच यंत्रांना लागेल.

एवढे करूनही ताप राहिला, तर मात्र बाजारात जावे. प्रोसेसरबरोबर फुकट येणारा कूलर म्हणजे ॲल्युमिनियमची पाती आणि वर लहान पंखा. त्याच्याहून चांगला तो मनोऱ्यासारखा उभा कूलर. त्यात तांब्याच्या बंद नळ्या असतात, त्यांना हीट पाइप म्हणतात. या नळीतली हवा काढून आत थोडेसे पाणी ठेवलेले असते. हवेचा दाब नसल्याने ते कमी उष्णतेवरच उकळते. वाफ वर जाते, थंड पात्यांजवळ तिचे पुन्हा पाणी होते, आणि दिव्याच्या वातीतून तेल चढते तसे आतल्या जाळीतून ते पाणी प्रोसेसरकडे परत येते. भाताच्या झाकणावर थेंब जमून खाली पडतात, तोच हा प्रकार. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली अशी नळी करून दाखवली. आज ती दीड ते तीन हजार रुपयांच्या कूलरमध्येही मिळते.

दुकानदाराला तीन प्रश्न विचारावेत. पहिला, हा माझ्या सॉकेटवर बसेल का? सॉकेट म्हणजे प्रोसेसरची बैठक. इंटेलच्या ११५०, ११५१ आणि १२०० या बैठकींची भोके एकमेकांपासून ७५ मिलिमीटरवर आहेत. २०२१ साली आलेल्या १७०० या बैठकीची ७८ मिलिमीटरवर. तीन मिलिमीटरचाच फरक, पण जुना कूलर त्यावर पट्टी बदलल्याशिवाय बसत नाही. एएमडीची मांडणी वेगळीच. दुसरा प्रश्न उंचीचा. डीपकूल एके ४०० हा परवडणाऱ्यांपैकी एक कूलर १५५ मिलिमीटर उंच आहे, कूलर मास्टरचा हायपर २१२ इव्हो १५९. घरून निघताना पट्टीने मदरबोर्डपासून पेटीच्या झाकणापर्यंतचे अंतर मोजून कागदावर लिहून न्यावे, नाहीतर कूलर बसेल आणि झाकण लागणार नाही. तिसरा प्रश्न, पंखा केवढा? १२० मिलिमीटरचा पंखा सावकाश फिरूनही पुरेसा वारा देतो. लहान पंख्याला तेवढ्याच वाऱ्यासाठी जोरात फिरावे लागते, आणि वर्गात त्याचा आवाज गुरुजींच्या आवाजावर चढतो.

इथे एक सावधगिरी. काही मोठ्या कंपन्यांच्या तयार यंत्रांत बैठक, पेटी आणि पंख्याची वायर ही त्यांचीच वेगळ्या घाटाची असते. तिथे बाजारचा कूलर बसेलच असे नाही. आधी विचारून घ्यावे, आणि न बसल्यास परत घेण्याचे कबूल करवून घ्यावे.

रंगीत दिव्यांना पैसे देऊ नयेत. दिवे उष्णता नेत नाहीत. पाण्याच्या पंपाचे कूलरही मिळतात, पण ६५ वॅटच्या यंत्राला त्यांची गरज नाही, आणि पंप बिघडला तर गावात दुरुस्ती कोण करणार?

बसवतानाचे दोन शब्द. एएमडीचा जुना कूलर सरळ वर ओढू नका. यंत्र थोडे चालवून गरम करा, मग वीज काढून कूलर हलकेच इकडेतिकडे फिरवून सोडवा. नाहीतर चिकटलेला प्रोसेसरही सोबत उपटून येतो. नव्या कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म आठवणीने काढा. स्क्रू चाकाच्या नटांप्रमाणे समोरासमोरचे थोडेथोडे आवळा. पंख्याची वायर सीपीयू फॅन असे लिहिलेल्या जागीच लावा. आणि वर्गात खिडकीचा कूलर असेल, तर त्याचा ओला झोत संगणकावर येऊ देऊ नका. पेटी भिंतीपासून वीतभर दूर ठेवा.

तेव्हा श्रोतेहो, क्रम ध्यानात ठेवा: आधी मोजणे, मग झाडणे, मग लेप, आणि शेवटी खरेदी. शाळेच्या तुटपुंज्या पैशातून एखादे यंत्र भंगारात जाण्यापासून वाचले, तर त्यापुढे आणखी काही वर्षे मुले बसतील. एवढ्यासाठीच हा खटाटोप.