तापीचे पाणी आणि एकट्याची नाव

सुरतेचे नाव निघाले की शिवाजी महाराजांची १६६४ सालची स्वारी आठवत नाही असा मराठी मनुष्य विरळा. त्या धामधुमीत कापुचिन संघाचे फादर आम्ब्रोज यांच्या घरास महाराजांनी धक्का लागू दिला नाही, ही हकीकत फ्रेंच प्रवासी बर्निये याने लिहून ठेवली आहे. त्या काळी परदेशची जहाजे सुवाळीच्या किनाऱ्यापाशी नांगर टाकीत. तापीचे मुख गाळाने उथळ झालेले. तेथून पुढे लहान होड्यांचेच काम. आज वाचकांस सांगावयाचे आहे ते याच नदीत चालू शकणाऱ्या एका लहान, एकट्यापुरत्या नावेविषयी. तिला कयाक म्हणतात.

ही नाव मूळची उत्तर ध्रुवाकडील इन्यूट लोकांची. लाकडाच्या किंवा हाडाच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते ती बनवीत आणि दोन पात्यांच्या वल्ह्याने हाकून शिकारीस जात. आता ती प्लास्टिकची झाली व आपल्याकडेही आली. मुंबईचे कौस्तुभ खाडे यांनी २०१५ साली मुंबईहून गोव्यापर्यंतचा समुद्र अशाच नावेतून पार केला, तेव्हा अनेकांनी कयाक हा शब्द प्रथमच ऐकला. वीतभर पाण्यातही ती तरंगते. तिला इंजिन नाही, म्हणून धूर नाही, तेलाचा तवंग नाही. मोठी होडी जेथे रुतेल तेथे ही सहज शिरते, आणि वल्हेकऱ्याचे डोळे पाण्यापासून जेमतेम हात-दोन हातांवर असतात. काठावरील पुलावरून जी नदी रुपेरी दिसते, तिचे खरे रूप त्याला तेथून दिसते.

मध्य प्रदेशातील मुलताईस उगम पावून, खानदेश ओलांडून ही नदी ७२४ किलोमीटरचा प्रवास करते. शहरालगत रांदेर व सिंगणपोर यांच्यामध्ये १९९५ साली बंधारा झाला. त्याच्या वर पिण्याचे गोडे पाणी अडते, खाली भरती-ओहोटीचे राज्य. अडलेल्या पाण्यात सांडपाणी मिसळले की जलपर्णी माजते. अनुकूल हवेत दोन आठवड्यांच्या आत तिचा पसारा दुप्पट होऊ शकतो. तिच्या गालिच्याखाली ऊन पोहोचत नाही, प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात. कयाकमधील तरुण तिच्या चार जुड्या उपटून काठावर आणील, आणि त्या तशाच पुन्हा पाण्यात न ढकलता वाळवील, तर उत्तमच. पण खरे सांगावयाचे तर एवढ्याने नदी स्वच्छ होत नाही. कोणत्या नाल्यातून मैला येतो, कोठे प्लास्टिक साचते, हे जवळून पाहून, टिपून, नगरपालिकेपुढे मांडणे हे या नावेचे मोलाचे काम. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रात शुद्ध पाणी हा मनुष्याचा मूलभूत हक्क म्हटला आहे. तेव्हा असले काम धर्मकार्याबाहेरचे खचितच नव्हे.

मात्र धर्मकार्य म्हणून निघालेल्याला पाणी सवलत देत नाही. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकून देवदूतांची वाट पाहण्यास प्रभूने नकार दिला, हे आपण दर उपवासकाळात ऐकतो. जीवरक्षक जाकीट न घालता, देव पाहून घेईल म्हणून नदीत उतरणे हे त्या मोहाचेच धाकटे भावंड होय.

बंधाऱ्यावरून पाणी वाहत असता त्याच्या पायथ्याशी ते उलटे वळते आणि नाव व माणूस दोघांना आत ओढून घोळवीत ठेवते. पट्टीचा पोहणाराही तेथून निसटत नाही. वर उकाईचे धरण आहे. ते १९७२ साली झाले. तरीही २००६ च्या ऑगस्टमध्ये तेथून सोडलेल्या पाण्याने शहराचा फार मोठा भाग बुडाला होता. म्हणून पावसाळ्यात विसर्गाची सूचना असताना नदीत जाऊच नये. खालच्या अंगास अमावास्या-पौर्णिमेचे उधाण टाळावे. त्याची जाण आपल्या वसईच्या कोळीबांधवांस पुस्तके न वाचताही असते. पावसाळ्यातील घाण पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा ताप येतो, आणि दक्षिण गुजरातेस तो चांगलाच परिचित आहे. पायास जखम असल्यास घरीच राहावे.

राहिली थंड पाण्याची गोष्ट. तापी काही बर्फाची नदी नाही. पण आपली मुले मे महिन्यात हृषीकेशला जातात, काहींचे संसार कॅनडात आहेत. हवा तापलेली आणि पाणी हिमाचे, हाच मोठा फसवा प्रकार. कपडे हवेस नव्हे, पाण्यास साजेसे हवेत. कॅनडातील प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्त यांनी त्याचा एक सोपा हिशेब दिला आहे. बर्फगार पाण्यात पडल्यावर पहिला १ मिनिट धाप आवरण्याचा. तेव्हा तोंड पाण्याखाली गेले तर एका श्वासात घात होतो. पुढची सुमारे १० मिनिटे हातपाय कामाचे राहतात. शुद्ध हरपावयास मात्र तासभर लागतो. म्हणजे पुष्कळ माणसे गारठून नव्हे, तर त्याआधीच बुडून मरतात; जाकीट असले तर तो तास पदरात पडतो.

बाहेर काढलेल्यास आडवे निजवावे, चालवू नये. ओले कपडे उतरवून कोरड्या घोंगडीत गुंडाळावे, हातपाय चोळू नयेत. आणि घोटभर ब्रँडी पाजण्याची आपल्या घरोघरची जुनी समजूत येथे अगदी उलटी पडते. मद्याने कातडीकडे रक्त धावते आणि आतली ऊब अधिकच निसटते. ब्रँडीची बाटली फडताळातच असू द्यावी व डॉक्टरास बोलवावे.

नाव लोटण्यापूर्वी परतीची वेळ घरी सांगून ठेवावी, आणि जाकिटाच्या बंदास एक शिट्टी बांधावी. पाण्यावरून हाक फार दूर जात नाही, शिट्टी जाते.