पावसाळ्याला जळण किती लागतं? नजरेनं नको, ताणकाट्यानं मोजा

मे महिना निम्मा सरला की गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीकडच्या घराघरात एकच विषय असतो. जळण भरलं का? परड्यात ढीग दिसतो, माणूस नजर टाकतो आणि म्हणतो, "बास झालं, निघंल पावसाळा." मग तरणा पाऊस संपून म्हातारा सुरू झाला की ढिगाचा तळ दिसतो. तोपर्यंत रानात जायची सोय नसते आणि जे मिळतं ते ओलं असतं.

गेल्या वर्षी आमच्या घरी हेच झालं. मेच्या शेवटी एका व्यापाऱ्याकडून वजनावर लाकूड घेतलं. ताजं तोडलेलं होतं, पण ढीग मोठा दिसला म्हणून बरं वाटलं. वर आणि चारी बाजूंनी प्लास्टिकचा कागद गुंडाळला, म्हटलं पाणी लागायला नको. जुलैत कागद काढला तर लाकडावर पांढरी बुरशी. चूल पेटायची नाही, पेटली तर नुसता धूर. आई डोळे पुसत भाकरी करायची आणि रात्रभर खोकायची. ऑगस्टमध्ये दुप्पट भावानं सुकं लाकूड आणलं ते वेगळंच. म्हणून यंदा आधी हिशोब केला. तोच इथं मांडतोय.

पहिली गोष्ट म्हणजे रोजचं जळण किती जातं ते मोजायचं. यासाठी बाजारात मिळणारा साधा ताणकाटा पुरतो. सकाळी उठल्यावर २० किलो सुकं लाकूड वजन करून चुलीशेजारी वेगळं ठेवा आणि दिवसभर त्यातलंच वापरा. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेलं वजन करा. असं तीन दिवस करून सरासरी काढा. त्यात एक दिवस पाहुण्यांचा किंवा सणाचा आला तर तो सोडून द्या.

आमचं घर पाच माणसांचं. चहा, भाजी गॅसवर; भाकरी, आंघोळीचं पाणी आणि म्हशीचं आंबोण चुलीवर. सरासरी आली रोज ९ किलो. मला वाटत होतं पाच-सहा किलो जात असेल. घरात कुणालाच हे खरं वाटेना, म्हणून परत मोजलं. ९ च.

यात सगळ्यात जास्त खातं ते आंघोळीचं पाणी. २० लिटरची बादली २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायची तर साधारण २.१ मेगाज्यूल उष्णता लागते. एक किलो सुक्या लाकडात १५ मेगाज्यूलच्या आसपास उष्णता असते. म्हणजे कागदावर दीडशे ग्रॅमच्या आतच काम व्हायला पाहिजे. पण तीन दगडांच्या किंवा साध्या मातीच्या चुलीत शंभरातला दहा-पंधरा भागच भांड्याला लागतो, बाकीची ऊब आजूबाजूनं आणि धुरावाटे जाते. त्यामुळं एका बादलीला किलोभर, कधी सव्वा किलो लाकूड जातं. पाच बादल्यांना जवळपास सहा किलो झालं. बंबात हेच पाणी कमी लाकडात तापतं, कारण जाळ आत आणि पाणी भोवतीनं असतं. बंब नसेल तर हंड्यावर निदान झाकण ठेवा, तेवढ्यानंही फरक पडतो.

आता ९ किलो हा उन्हाळ्याचा आकडा. पावसाळ्यात नळाचं पाणी गार असतं, कपडे चुलीवरच्या दोरीवर वाळतात, म्हातारी माणसं जाळाजवळ बसून असतात, पोरंही तिथंच. मी त्यासाठी पाव भाग वाढवून धरला. ९ चे सव्वा अकरा किलो झाले. घरात बाळंतीण असेल किंवा म्हैस व्यायला झाली असेल तर पाव भाग पुरणार नाही, निम्मा वाढवा.

दिवस किती धरायचे? मृग निघतो ७-८ जूनला. पाऊस सप्टेंबरअखेर ओसरला तरी नवीन जळण वाळायला ऊन पाहिजे. म्हणून १२० दिवस धरा. सव्वा अकरा गुणिले १२० म्हणजे १३५० किलो, साडेतेरा क्विंटल. हे सुक्या लाकडाचं वजन, इथंच बरीच माणसं फसतात.

ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचं असतं. समजा १०० किलो ओल्या लाकडात ४५ किलो पाणी आहे. वाळून ते चुलीजोगं झालं की त्याचं वजन ६५ किलोच्या आसपास भरतं. उरलेले ३५ किलो पाणी तुम्ही पैसे देऊन विकत घेतलेलं असतं. ओलं लाकूड समजा ५०० रुपये क्विंटलनं मिळालं, तर सुक्याच्या हिशोबात ते ७७० रुपयांना पडलं. शेजारी कुणी सुकं लाकूड ७०० नं देत असेल आणि तुम्ही महाग म्हणून सोडलं असेल, तर स्वस्त तेच होतं. आमच्या साडेतेरा क्विंटलसाठी ओलं घ्यायचं तर २१ क्विंटल घ्यावं लागेल, तेही ते वाळवायला ऊन शिल्लक असेल तर.

ओलंच जाळलं तर? एक किलो पाण्याची वाफ करायला पावणेदोनशे ग्रॅम सुक्या लाकडाची ऊब खर्ची पडते. शिवाय जाळ गार पडतो, लाकूड नीट जळत नाही आणि धूर वाढतो. हा धूर बायकांच्या आणि लहान पोरांच्या छातीत जातो. पुरुष मंडळी बाहेर सोप्यात बसलेली असतात, त्यांना कळत नाही.

वजनकाट्याची सोय नसेल तर ब्रासनं मापा. वाळू-खडीचा ब्रास सगळ्यांना माहीत आहे, १०० घनफूट. १० फूट लांब, ५ फूट उंच, २ फूट रुंद रचलेला ढीग म्हणजे एक ब्रास. वाकड्यातिकड्या फांद्यांच्या ढिगात निम्मी हवाच असते. बाभूळ, ऐन असलं जड लाकूड सुकं असेल तर ब्रासला साधारण टनभर भरतं. सुबाभूळ, सिल्व्हर ओक त्यापेक्षा बरंच कमी. पांगारा, शेवगा यांचा ढीग डोंगराएवढा दिसतो आणि वजन काहीच नसतं. लोक म्हणतात बाभळीचा जाळ कडक. ते खरंच, ते हळू जळतं आणि निखारा धरतं. पण किलोला किलो मोजलं तर सुक्या लाकडांत उबेचा फार फरक नाही, फरक आहे तो ढिगाच्या मापात. म्हणून हलकं लाकूड मापावर घेऊ नका, वजनावर घ्या. ओलं मात्र वजनावर घेतलं की बुडाला.

शेणी घरच्या असतील तर त्या हिशोबात धरा, पण एक किलो लाकडाच्या जागी सव्वा ते दीड किलो शेणी लागतात आणि राख जास्त पडते.

सुकं ओळखायचं कसं? दोन लाकडं एकमेकांवर आपटा. टणक आवाज आला तर सुकं, ठप्प वाजलं तर ओलं. तोंडाला चिरा पडलेल्या असतात, साल सुटते. खरं तर पावसाळ्याचं जळण पौष-माघात तोडून टाकायचं असतं. आता मे निम्मा गेलाय, तेव्हा ओंडके तसेच रचू नका. फोडून मनगटाएवढे करा आणि उन्हात पसरा. साल पाणी सोडत नाही, फोडलेली बाजू सोडते. रचताना खाली दगड किंवा जुन्या फळ्या घाला, वर पत्रा टाका, बाजू मोकळ्या ठेवा. कागद चारी बाजूंनी गुंडाळला की काय होतं ते वर सांगितलंच आहे. आणि बांधावरचं झाड तोडायचं असेल तरी आधी तलाठी किंवा वनरक्षकाला विचारा. १९६४ च्या झाडतोड कायद्यानं ठरावीक जातींना खासगी जमिनीतही परवानगी लागते.

आता गॅसचं बघू. २०१६ साली उज्ज्वला योजना आल्यावर बऱ्याच घरात सिलिंडर आला, पण तो जपून वापरतात. १४.२ किलोचा एक सिलिंडर साध्या चुलीतल्या दोनशे-सव्वादोनशे किलो लाकडाचं काम करतो. सिलिंडर समजा ९०० रुपयांना पडला, तर लाकूड किलोला चार रुपयांच्या वर गेलं की चुलीवरचा स्वयंपाक गॅसपेक्षा महाग. मी ७ रुपये किलोचं लाकूड जाळत होतो आणि गॅस वाचवतोय म्हणून खूश होतो. घरच्या रानातलं लाकूड असेल तर गोष्ट वेगळी, त्यात पैसा नाही, कष्ट आहेत. ९०० रुपये एकदम काढणं जड जातं हेही खरं. आणि पुराचं पाणी रस्त्यावर आलं की सिलिंडरची गाडी येत नाही, लाईटही जाते. त्यामुळं सगळं गॅसवर टाकता येत नाही. आम्ही यंदा भाकरी गॅसवर घेतली, आंघोळ चुलीवरच ठेवली. परत तीन दिवस मोजलं, रोजचं जळण ७ किलोवर आलं. पाव भाग वाढवून १२० दिवसांना साडेदहा क्विंटल.

एक सूचना थंडीतल्या उबेबद्दल. रात्री कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो.

ढीग रचून झाला की निम्म्या उंचीवर भिंतीला खडूनं रेघ मारा. ७ जूनपासून जाळायला काढलं तर ६ ऑगस्टला ६० दिवस होतात. त्याच्या आधी ढीग रेघेखाली गेला तर जळण पुरणार नाही. तेव्हा उघडीप बघून लगेच सुक्याची सोय करायची, गौरी-गणपतीपर्यंत थांबायचं नाही.